राखणीचं कुत्रं कसं तयार करावं: पिलू निवडण्यापासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत

शेळीपालन सुरू होतं, कुठेतरी लांडग्याने दोन करडं नेली असं कानावर येतं, आणि मग कुत्र्याचा शोध सुरू होतो. पिलू येतं, महिनाभर ओसरीवर खेळतं, मुलांच्या ताटातलं खातं. पाच-सहा महिन्यांचं झालं की साखळीने गोठ्याच्या दाराशी बांधलं जातं. आठव्या महिन्यात ते सुटून एखादं करडू फाडतं आणि "ही जातच वाईट" म्हणून कुणाला तरी देऊन टाकलं जातं. पिलात खोट नव्हती, फक्त सगळा क्रम उलटा झाला होता.

राखणीचं कुत्रं लांडग्याशी झुंज देऊन कळप वाचवतं, ही समजूत आधी सोडा. बहुतेक वेळा झुंज होतच नाही. लांडगा असो वा कोल्हा, जखमी होणं त्याला परवडत नाही. कळपात कुणीतरी जागं आहे, भुंकतंय, अंगावर येतंय एवढं कळलं की तो दुसरीकडे वळतो. हे भुंकणं आणि अंगावर जाणं शिकवावं लागत नाही. ज्या प्राण्यांबरोबर पिलू वाढतं त्यांना ते आपलं मानतं आणि परक्याला हाकलतं. तुमचं काम एकच: योग्य वयात त्याला योग्य सोबत देणं, आणि मधल्या वेडगळ वयात त्याच्या हातून चूक होऊ न देणं.

## १. आधी ठरवा, जनावर मारतंय कोण

प्रत्येक शत्रूवर कुत्रं हा इलाज नाही, म्हणून पिलू बघायला जाण्याआधी हे ठरवा.

भटकी कुत्री. मागच्या मांड्या, शेपटी, कान, पोट असे कुठेही लचके, एका वेळी अनेक जनावरं जखमी, आणि खाल्लेलं फार थोडं. "लांडगा आला होता" म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक घटना प्रत्यक्षात अशाच असतात. इथे राखणीचं कुत्रं चांगलं चालतं.

लांडगा. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग, साताऱ्यातला माण, सांगलीतला जत अशा माळरानी पट्ट्यात. गळ्याकडे पकड असते आणि लहान करडू किंवा कोकरू अख्खं उचलून नेलेलं असतं. बहुधा पहाटे किंवा तिन्हीसांजेला, पण चरणीला गेलेल्या कळपावर भरदिवसाही. इथे कुत्री हवीतच, पण एक पुरत नाही.

कोल्हा, रानमांजर, मुंगूस, उदमांजर. कोल्हा नवजात करडं-कोकरं आणि कोंबड्या नेतो. बाकीच्यांचं लक्ष कोंबड्या, पिलं आणि अंडी यांच्यावर. कोल्ह्याला कुत्रं अडवतं. मुंगूस आणि उदमांजर जाळीच्या फटीतून आत शिरतात, तिथे जाळीच दुरुस्त करावी लागते.

बिबट्या. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा, जनावर ओढत उसात किंवा झुडपात नेलेलं. ठसा गोल असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत.

> इशारा: बिबट्याच्या पट्ट्यात कुत्रं राखणदार नाही, भक्ष्य आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर अशा भागात पहिला पैसा छत आणि चारही बाजूंनी जाळी असलेल्या बंदिस्त गोठ्यावर घाला. कुत्रं नंतर, आणि रात्री तेही आतच.

ठशावरून कुत्रा आणि लांडगा वेगळे ओळखण्याच्या फंदात पडू नका. मोठ्या कुत्र्याचा आणि लांडग्याचा ठसा फार सारखा दिसतो. जखमा, वेळ आणि किती खाल्लं हे तिन्ही एकत्र बघा.

## २. पिलाची निवड

पहिली चूक इथेच होते: दिसायला रुबाबदार म्हणून कारवान किंवा पश्मी आणलं जातं. ही सशामागे धावायला घडवलेली कुत्री. पळती वस्तू दिसली की मागे सुटायचं, हे त्यांच्या रक्तात आहे आणि करडं तर दिवसभर पळतच असतात. जर्मन शेफर्डच्या नावात मेंढपाळ असला तरी तो कळप हाकण्यासाठी घडवलेला. हाकणारं कुत्रं जनावरांवर दबाव आणतं, तर राखणाऱ्याने त्यांच्यात मिसळून राहायचं असतं. रॉटवायलर, पिटबुल यांचा तर विचारही नको.

अमेरिकेत कायोटीपासून (लांडग्याच्याच कुळातला तिथला लहान प्राणी) मेंढ्या वाचवायला ग्रेट पिरेनीज, अनातोलियन वगैरे जातींची कुत्री वापरतात. ती कुत्री कामाची आहेत यात वाद नाही. पण ग्रेट पिरेनीजसारखा थंड डोंगरासाठी वाढलेला दाट केसांचा कोट घेऊन माणदेशातल्या मे महिन्यात कुत्रं दिवसभर सावलीत धापा टाकेल. तिथून घ्यायची असेल तर पद्धत घ्या. ती आपल्याकडच्या धनगरांच्या पद्धतीपेक्षा फार वेगळी नाही.

सगळ्यात चांगलं पिलू म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर (धनगरांच्या मुक्कामाच्या जागी) जन्मलेलं, ज्याची आई आजही कळपाबरोबर काम करते असं. धनगरवाड्यावर ओळख काढा. बघायला गेल्यावर पिलाआधी आई बघा:

- मेंढ्यांमधून चालताना ती शांत असते का? मेंढ्या तिला बघून बुजतात का? बुजत असतील तर काहीतरी बिघडलेलं आहे.
- तुम्ही परके म्हणून ती भुंकावी आणि मालकाने हाक मारली की थांबावी. मालकालाही जुमानत नसेल तर परत फिरा.
- कोकरू तिच्या अंगावरून उडी मारून गेलं तरी ती पडून राहते का?

पिलाचं वय ७ ते ८ आठवडे. त्याआधी आईपासून तोडू नका. चावायचं किती आणि थांबायचं कुठे, हे पिलू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. सगळ्यांच्या अंगावर चढणारं, प्रत्येक गोष्ट तोंडात धरून झटकणारं पिलू नको, आणि कोपऱ्यात थरथरणारंही नको. थाळी खाली टाकली की दचकून मागे सरणारं आणि थोड्या वेळाने आपणहून हुंगायला येणारं घ्या. रंगाने काही फरक पडत नाही.

एका वेतातली दोन पिलं एकत्र आणू नका. दोघांचा जीव एकमेकांत अडकतो, शेळ्यांत अडकत नाही. शिवाय दोन कुत्री मिळून जे दांडगट खेळ खेळतात त्यात करडू हे खेळणं होतं. दोन कुत्री हवीच असतील तर दुसरं वर्ष-दीड वर्षाने आणा.

## ३. पिलू येण्याआधीची तयारी

गोठ्याला लागून किंवा गोठ्यातच साधारण १० बाय १० फुटांचा कप्पा करा. त्यात हे हवं:

१. तीन-चार शांत जनावरं. एखादी वयस्क, मवाळ शेळी आणि तीन-चार महिन्यांची करडं. नुकतीच व्यालेली शेळी नको, ती पिलाला धडका देऊन जायबंदी करील. मोठा बोकड किंवा एडकाही नको.

२. पिलासाठी लपण. एका कोपऱ्यात फळी अशी ठोका की जमिनीपासून ९-१० इंचांची फट राहील. पिलू सरपटत आत जाईल, शेळी जाणार नाही. धडक बसली की पिलू तिथे पळतं. हे लपण नसेल तर ते शेळ्यांना भ्यायला शिकतं, आणि भित्रं कुत्रं पुढे चावरं होतं.

३. खाण्याची जागा लपणाच्या आत, शेळ्या पोचणार नाहीत अशी. याबद्दल पुढे आणखी.

४. पाणी दोघांसाठी सामाईक, पण उथळ भांड्यात.

कुंपण तपासा. सहा महिन्यांच्या पिलाला एकदा बाहेर फिरायची चटक लागली की ती मोडणं फार अवघड. तारेखालच्या फटी दगडांनी बुजवा.

> तपासणी: कप्प्यातून पिलाला घर, अंगण, चूल दिसते का? दिसत असेल तर दिवसभर ते तिकडे बघून केकाटेल. आडोसा करा.

## ४. आठ ते सोळा आठवडे: इथे सगळं ठरतं

या दोन महिन्यांत पिलू ज्यांच्या अंगाला अंग लावून झोपतं, तेच त्याचे सगेसोयरे. ही खिडकी बंद झाल्यावर जिव्हाळा लावणं अशक्य नसलं तरी फार कष्टाचं होतं. म्हणून पहिल्या रात्रीपासून पिलू शेळ्यांत. "दोन दिवस घरात रुळू दे, मग सोडू" ही सवलत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडणार. जाऊन उचलून आणलंत की रडलं की घर मिळतं हे ते शिकलं.

माणसांशी संबंध किती ठेवायचा, याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. एका टोकाला घरातलं लाडकं बाळ, दुसऱ्या टोकाला "हात लावायचाच नाही" हा हट्ट. दुसऱ्या हट्टातून असं कुत्रं तयार होतं की इंजेक्शन द्यायला तीन माणसं आणि एक पोतं लागतं. रोज दोनदा, प्रत्येकी दहा मिनिटं, कप्प्याच्या आतच त्याला हाताळा:

- पंजे धरा, कान उघडून बघा, ओठ वर करून दात बघा.
- गळपट्टा आणि दोरी लावून चार पावलं चालवा.
- पाच-दहा मिनिटं बांधून ठेवा, ओरडायचं थांबलं की सोडा.
- नावाला येणं, "थांब" आणि "सोड", एवढ्या तीन गोष्टी शिकवा. हात दे, चेंडू आण हे अजिबात नको.

मुलांनी त्याच्याशी पळापळीचे खेळ खेळू नयेत. माणसाच्या पोराबरोबर जे पिलू पकडापकडी शिकतं, तेच ते करडाबरोबर करतं.

### खाणं

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. नुसती भाकरी आणि ताक यावर पिलू जगतं, पण हाडं धरत नाही आणि अंग भरत नाही. रोज काहीतरी प्रथिनं हवीत: उकडलेलं अंडं, शिजवलेला मांसाचा तुकडा, डाळ, दूध पचत असेल तर दूध. २५ किलोच्या कामाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,२०० ते १,५०० कॅलरी लागतात. ज्वारीच्या तीन मोठ्या भाकरी, दोन अंडी, वाटीभर घट्ट डाळ आणि थोडं तेल इतकं झालं की हिशेब जवळपास बसतो. तयार कोरडं खाद्य देत असाल तर ३५० ते ४५० ग्रॅम. लांबून बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात, हे माप कायम ठेवा.

ताटावरची गुरगुर. शेळ्यांना भाकरी फार आवडते. करडू ताटात तोंड घालतं, कुत्रं झडप घालतं, करडाचा जबडा किंवा मान मोडते. हे कुत्रं वाईट नसतं, ताट ठेवायची जागा चुकलेली असते. खाणं नेहमी आडोशाला द्या आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं उचला.

कच्चं मांस, आतडी, मेलेल्या मेंढीचं डोकं कधीही देऊ नका. इथे चवीची सवय लागण्यापेक्षा मोठा धोका जंताचा आहे. मेंढीच्या मेंदूतल्या फोडातला पट्टकृमी (पट्टीसारखा चपटा जंत) कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत खाल्लेल्या मेंढीच्या मेंदूत पुन्हा फोड होतो. मग मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरते आणि मरते. असाच दुसरा जंत माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी करतो. व्यायल्यानंतरची वारही कुत्र्याला खाऊ न देता खोल पुरा, कारण त्यातून गर्भपाताच्या रोगाचे जंतू पसरतात.

### लसी आणि जंतनाशक

- जंतनाशक: १२ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. मोठेपणीच्या औषधात पट्टकृमीवर चालणारं प्राझिक्वांटेल आहे का ते विचारून घ्या. साध्या गोळ्यांत ते असेलच असं नाही.
- डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस: ६ ते ८ आठवड्यांत पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची १६ आठवड्यांच्या सुमारास.
- रेबीज: तीन महिन्यांनी, त्यानंतरचा डोस पशुवैद्य सांगतील तसा, आणि मग दरवर्षी न चुकता.

शेळ्यांच्या गोचिडांवरचं किंवा जंतांचं औषध अंदाजाने कुत्र्याला देऊ नका. मेंढीची मात्रा कुत्र्याला विष ठरू शकते. वजन करून पशुवैद्याकडूनच घ्या. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या आतली बाजू रोज बघा. गोचीडतापाने धडधाकट कुत्रं पंधरवड्यात झडतं.

## ५. चार ते आठ महिने: कळपाबरोबर बाहेर

आता पिलू चरणीला निघतं, पण दोरीवर. आधी दोन तास, मग अर्धा दिवस. उन्हात पंजे भाजतात. हाताची उलटी बाजू पाच सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल तर पिलाला चालवू नका. वाड्यावरची माणसं बिऱ्हाड हलवताना लहान पिलं घोड्यावर लादतात ती उगाच नाही.

या काळात बघायच्या गोष्टी:

चांगली लक्षणं. शेळीजवळ जाताना कान मागे, मान खाली, नजर चुकवत. शेळीचं तोंड चाटणं. कळप बसला की मध्ये किंवा कडेला आडवं होणं. काही वेगळं दिसलं की कळपाकडे पळत येणं आणि मग भुंकणं.

धोक्याची लक्षणं. टक लावून बघणं, दबा धरणं, पळत्या करडामागे सुटणं, कान किंवा शेपटी तोंडात धरणं, मेंढीची लोकर ओढणं.

धोक्याचं लक्षण दिसलं की त्याच क्षणी करड्या आवाजात "सोड" आणि दोरीला हिसका. दोन मिनिटांनी मारलेली काठी त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की शेळ्यांजवळ असलं की मालक मारतो. म्हणून मारहाण तर नकोच, आणि मेलेलं करडू गळ्यात बांधायचा जुना उपायही नको. त्याने काही साधत नाही, नुसता घाण वास आणि रोग.

पाठलाग थांबत नसेल तर लोढणं वापरा. मनगटाएवढ्या जाडीचं, दीड फूट लांबीचं लाकूड मधोमध दोरी किंवा साखळी बांधून गळपट्ट्याला असं आडवं लटकवा की ते पुढच्या पायांच्या गुडघ्यांच्या जरा वर येईल. चालताना त्रास नाही, धावायला गेलं की पायांवर आपटतं. तीन-चार आठवड्यांत बहुतेक पिलं पाठलाग सोडतात.

> इशारा: लोढणं फक्त दिवसा आणि कुणी नजर ठेवून असेल तेव्हाच. झुडपात अडकून गळफास बसतो, आणि रात्री लोढणं बांधलेलं कुत्रं लांडग्यासमोर पळूही शकत नाही.

## ६. आठ ते अठरा महिने: वेडगळ वय

अंगाने पूर्ण कुत्रं, डोक्याने पोर. चार महिने शहाण्यासारखं वागलेलं पिलू अचानक कोकरांना लोळवायला लागतं. बहुतेक कुत्री याच वयात विकली जातात. तसं करू नका. ही अवस्था जाते.

या काळात त्याला लहान करडांबरोबर एकटं ठेवायचं नाही. त्याऐवजी मोठ्या, शिंगाळ्या शेळ्यांत ठेवा. दोन चांगल्या धडका ज्या गोष्टी शिकवतात त्या तुमच्या दोरीने शिकवता येत नाहीत. कामाचं जुनं कुत्रं असेल तर तरुणाला त्याच्याबरोबरच सोडा. जुनं कुत्रं त्याला आवर घालतं, आणि कुठे भुंकायचं नि कुठे नाही हे त्याचं बघून तरुण शिकतं.

शेळी पहिल्यांदा त्याच्यासमोर विते, तो परीक्षेचा दिवस. कुत्रं दोरीवर, दहा-पंधरा फुटांवर. शेळीने त्याला हाकललं आणि ते मागे सरलं, तर उत्तम. नवजात करडाला चाटायला धावणारं कुत्रं प्रेमळ दिसतं, पण आई बिथरते आणि करडाला टाकते. दोन-तीन वेतं असं दुरून बघू द्या.

नसबंदी याच टप्प्यावर, वाढ पूर्ण होत आल्यावर, साधारण १२ ते १८ महिन्यांत. वयात आलेला नर माजावरच्या कुत्रीच्या वासाने कळप सोडून पाच-सात किलोमीटर सहज जातो. मादी माजावर आली की गावातली सगळी कुत्री तुमच्या वाड्याभोवती जमा होतात, म्हणजे ज्यांच्यापासून राखण करायची तीच आत. नंतर ६३ दिवसांचा गाभण काळ आणि पिलं वाढवण्यात तिचे चार-पाच महिने कामाबाहेर. आणखी एक कारण आहे: पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. तुमच्या कुत्र्याने त्यात भर घालू नये.

## ७. कोंबड्यांसाठी वेगळी शिकवण

शेळ्यांत वाढलेलं कुत्रं कोंबड्यांत आपोआप चालत नाही. कोंबडी फडफडते, ओरडते, पळते. तरुण कुत्र्यासाठी याहून मोठं आमिष नाही. दीड-दोन वर्षांच्या आधी कोंबड्यांत मोकळं सोडणं हा जुगार आहे.

१. पहिला महिना जाळीच्या पलीकडून. कुत्र्याची झोपायची जागा खुराड्याच्या जाळीला लागून.

२. पुढचा महिना रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीवर आत. संध्याकाळ अशासाठी की कोंबड्या थंडावलेल्या असतात आणि कुत्र्याचा दिवसभराचा जोर उतरलेला असतो. कुत्रं पडून राहिलं की शाबासकी, टक लावली की बाहेर.

३. मग दहा-पंधरा फुटांची दोरी गळ्यात तशीच लोंबकळत ठेवून आत सोडा, तुम्ही शेजारी. निदान दोन महिने एकही चूक नाही, तरच दोरी काढा.

४. पिल्लांच्या खोपट्यात आणि डालग्याजवळ कधीच नाही.

मेलेली कोंबडी कुत्र्यासमोर टाकू नका, पुरा. कच्ची कोंबडी, कातडी, पिसं काहीही त्याच्या तोंडी लागता कामा नये. फुटलेलं अंडंही नको. एकदा अंड्याची चव कळली की ते खुडूक कोंबडीला उठवून खातं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर मुळीच नकोत, ती फुटून आतड्यात घुसतात.

रात्री कोंबड्या बंद खुराड्यातच. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, आणि तिची एक फुटाची पट्टी बाहेरच्या बाजूने जमिनीत आडवी पुरा. उकरणारा प्राणी कडेशीच उकरतो आणि जाळीवर येऊन थांबतो.

## ८. रात्रीची मांडणी

बिबट्याचा भाग सोडला तर कुत्रं मोकळं हवं. दाराशी साखळीने बांधलेलं कुत्रं भुंकतं, पण शत्रूला तिथे जाऊन अडवू शकत नाही, आणि साखळीची लांबी किती हे लांडग्याला दोन रात्रींत कळतं. कुत्रं मोकळं सोडवत नाही असं असेल तर शिकवण अजून पुरी झालेली नाही.

वाड्यावर वाघूर (मेंढ्यांभोवती लावायचं जाळं) लावून मेंढ्या बसवल्या असतील तर एक कुत्रं वाऱ्याच्या दिशेला, दुसरं पाणवठ्याच्या किंवा ओढ्याच्या बाजूला बसेल असं बघा. कुत्र्यांना जागा आपण नेमून देत नाही. जिथे त्यांना बसायला हवं तिथे त्यांचं गोणपाट टाका, आपोआप बसतात. शंभर-दीडशे मेंढ्यांना दोन ते तीन कुत्री. लांडगे टोळीने येतात, एक जण कुत्र्याला एका बाजूला खेळवतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो. म्हणून लांडग्याच्या मुलखात एकट्या कुत्र्याच्या भरवशावर झोपू नका.

काट्यांचा पट्टा. दोन इंच रुंद जाड चामडं किंवा पट्टा, त्यात बाहेरच्या बाजूला एक-दीड इंचाचे खिळे, आतून डोकी दुसऱ्या चामड्याने झाकलेली. मानेखाली दोन बोटं जातील इतका सैल. दर आठवड्याला काढून मान बघा. पावसाळ्यात खाली जखमा होतात आणि त्यात अळ्या पडतात. गळ्यावरच्या पकडीपासून हा पट्टा थोडं वाचवतो, पण बिबट्याच्या भागात त्याच्या जोरावर कुत्र्याला उसाच्या कडेला झोपवू नका.

> तपासणी, पहिल्या मोकळ्या रात्रीनंतर: पहाटे कुत्रं कुठे आहे? कळपापाशी पडलेलं असेल तर ठीक. गावाकडून येताना दिसलं तर दोरीवर परत.

## ९. नेहमी अडणाऱ्या गोष्टी

सारखं भुंकतं. तेच त्याचं काम. पण पहिल्या वर्षात ते पानालाही भुंकतं. ओरडून गप्प करू नका. उठून बॅटरी मारून बघा. खरं काही असलं तर शाबासकी, नसलं तर काही न बोलता परत या. दुसऱ्या वर्षी नेम सुधारतो.

घराकडे येऊन बसतं. कुणीतरी घराजवळ खायला घालतंय. ते कोण, हे घरात विचारा.

रस्त्याने जाणाऱ्यांच्या अंगावर जातं. पायवाटेजवळच्या कळपात हे चालणार नाही. सोळा आठवड्यांआधी वेगवेगळ्या माणसांची ओळख करून दिली असती तर हे टळलं असतं. आता दिवसा वर्दळीच्या वेळी दोरीवर ठेवा. चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि कुत्र्याची लस झालेली असली तरी माणसाने दवाखान्यात जायचं.

दिवसाढवळ्या न घाबरता अंगावर आलेला कोल्हा किंवा लांडगा पिसाळलेला असण्याची दाट शक्यता. कुत्र्याला चावला असेल तर लस झालेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. जनावरांना चावला असेल तर त्यांच्यासाठीही तेच.

मेलेल्या शेळीवर विष टाकण्याचा सल्ला कुणी देईल. लांडगा आणि कोल्हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, हे एक. त्याआधी ते विष तुमचंच कुत्रं खातं, हे दुसरं.

कुत्रं असूनही जनावर गेलं तर मढं हलवू नका, फोटो काढा आणि वनविभागाला ४८ तासांच्या आत कळवा. हेल्पलाइन १९२६. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही, आणि मढं पुरून टाकलं असेल तर पंचनामा कशाचा करणार? तोवर कुत्र्यांना मढ्यापासून लांब बांधा.

## १०. दुसरं पिलू कधी आणायचं

पहिलं कुत्रं पूर्ण कामाचं व्हायला दोन वर्षं लागतात आणि आठ-नऊ वर्षांच्या वयात त्याचे कान, दात, सांधे थकतात. शेवटचं वर्ष हातात असताना नवं पिलू आणलंत तर शिकवायला कुणी उरत नाही. म्हणून जुनं चार-पाच वर्षांचं असतानाच नवं आणा. पहिले दोन महिने नव्या पिलाला कप्प्यात शेळ्यांबरोबरच ठेवा, जुन्याबरोबर दिवसातून तासभर. सुरुवातीपासून दोघांना चोवीस तास एकत्र ठेवलं तर पिलू शेळ्यांऐवजी कुत्र्याला चिकटतं. चार महिन्यांनंतर मात्र जुन्याच्या मागे खुशाल सोडा, फक्त दोघांची ताटं कळपाच्या दोन टोकांना ठेवा.